हीटरचा नॉब मोकळा फिरतोय? आधी बोनेट उघडा, डॅशबोर्ड नंतर

प्रश्न थोडक्यात असा: उरुळी कांचनला नर्सरी आहे. एसीची डबल केबिन डिझेल पिकअप, दहा-अकरा वर्षं जुनी. हीटरचा गोल नॉब मध्यंतरी 'कट्' आवाज करून मोकळा झाला, आता नुसता फिरतो. तेव्हापासून एसी लावला तरी हवा कोमट येते. ब्लोअर, म्हणजे हवेचा पंखा, फक्त चार नंबरवर चालतो, एक-दोन-तीनवर मुका. पावसाळ्यात ताम्हिणीतून माणगावला रोपं पोचवायची असतात, तेव्हा काच आतून धूसर होते. गॅरेजवाला म्हणतो अख्खा डॅशबोर्ड उतरवून कंट्रोल पॅनल बदलावं लागेल, शिवाय एसीचा गॅसही कमी झालाय. खरंच एवढं काम आहे का?

बहुधा नाही. तुमच्या गाडीत एक नव्हे, दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. नॉब मोकळा होणं हे नॉबमागून हीटरकडे जाणाऱ्या तारेचं, म्हणजे केबलचं दुखणं आहे, ब्लोअर फक्त चारवर चालणं हे रेझिस्टरचं, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणाऱ्या भागाचं. पॅनल पुढे ओढावं लागेल, ग्लोव्ह बॉक्स काढावा लागेल, पण डॅशबोर्ड उतरवायचं कारण तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत मला एकही दिसत नाही. काच धूसर होण्याचं पुढे बोलतो आणि गॅसचं अगदी शेवटी.

गॅरेजवाला फसवतोय असंही लगेच धरू नका. पिकअपमध्ये एसी-हीटर असणं आपल्याकडे बरीच वर्षं चैनीचं मानलं गेलं. साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकना 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या गाड्यांत एसी केबिन सक्तीची झाली, पण आपल्या छोट्या पिकअप त्या नियमात येत नाहीत. क्लच, पाटे, ब्रेक यांत हात मुरलेल्या मेस्त्रीच्या हातून डॅशमागच्या केबली फार गेलेल्या नसतात. मग 'अख्खं युनिट बदलू' हा त्याच्यासाठी सुरक्षित मार्ग असतो. तुमच्यासाठी तो महागडा आहे, आणि त्यानं मूळ कारण जाईलच असंही नाही.

नॉब हातात येतो म्हणून दोष नॉबचा वाटतो. पण तो धडधाकट नॉब सहसा आपण होऊन तुटत नाही. केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी अडकलेलं असतं, आपण नॉबवर जोर लावतो आणि साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा, म्हणजे पॅनलमागची प्लास्टिकची पिन, तुटते. नुसतं पॅनल बदललंत आणि पलीकडचं टोक तसंच जाम राहिलं, तर नवी पिनही पहिल्या थंडीत जाईल. म्हणून तपासणी बोनेटकडून सुरू करायची.

आतली रचना आधी समजून घ्या. ब्लोअर बाहेरची किंवा केबिनमधलीच हवा ओढतो. ती हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते आणि मग हीटर कोरच्या बाजूला. हीटर कोर म्हणजे डॅशच्या पोटात बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) दोन होज पाइपांतून त्याच्यात खेळतं. आता 'थंड-गरम' नॉब करतो काय? काही गाड्यांत तो इंजिनच्या बाजूला होजवर बसवलेला वॉटर कॉक उघडतो-मिटतो. थंडवर ठेवलं की कोरमध्ये कूलंटच जात नाही. काही गाड्यांत कोर कायम गरम असतो आणि नॉब एक फ्लॅप हलवतो. हवा कोरमधून न्यायची की बाजूनं, ते हा फ्लॅप ठरवतो. काहींत दोन्ही असतात. तुमचा कॉक किंवा फ्लॅप 'गरम'च्या बाजूला अडकून बसलाय. एसीची कॉइल हवा थंड करते आणि पुढच्याच वळणावर हीटर ती पुन्हा तापवतो. शेजारी चूल पेटवून फ्रिजचं दार उघडं ठेवल्यासारखा हा प्रकार आहे. पुण्यात हीटर नीट चालत नाही हे डिसेंबरात कोणी सांगत नाही. एप्रिलमध्ये 'एसी मारत नाही' म्हणून गाडी येते, तेव्हा ते कळतं.

एक सावधगिरी. या विषयावर जे व्हिडिओ दिसतात, त्यांतले बरेच अमेरिकेतल्या पिकअपचे असतात. त्यांच्या जुन्या मोठ्या पेट्रोल गाड्यांत फ्लॅप हलवायला इंजिनचं व्हॅक्यूम (हवेची ओढ) वापरलेलं असे, म्हणून तिथला माणूस डॅशमागे बारीक रबरी नळ्या शोधत बसतो. डिझेल इंजिनात अशी ओढ आपोआप तयार होत नाही, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरसाठीसुद्धा वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. तुमच्या वयाच्या आपल्या पिकअपमध्ये फ्लॅपचं काम सहसा साध्या तारेच्या केबलीच करतात. नळ्या शोधू नका.

आता हाताची तपासणी. इंजिन नीट गरम होईपर्यंत गाडी चालवा, काटा नेहमीच्या जागी आला पाहिजे. थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, त्याआधीच्या तपासणीला अर्थ नाही. बोनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीत दोन रबरी होज आत शिरताना दिसतील, अंगठ्याएवढे किंवा थोडे जाड. एसीचे पाइप ॲल्युमिनियमचे असतात, त्यांच्याशी गल्लत करू नका. फॅन आणि बेल्टपासून बाही, गमछा लांब ठेवा, इंजिन बंद करूनच हात घातलेला बरा. दोन्ही होजला बोटं टेकवून बघा. धरून ठेवू नका, पोळेल.

दोन्ही होज सारखेच कडक गरम असतील तर कूलंट व्यवस्थित फिरतंय. एक गरम आणि दुसरा कोमट असेल तर कोर आतून चोंदलाय. सोलापूर रोडच्या पट्ट्यात रेडिएटरला सर्रास बोअरचं पाणी घातलं जातं, त्यातला क्षार कोरच्या बारीक नळ्यांत बसतो. दोन्ही गार असतील तर कॉक बंद आहे, कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. तुमच्याकडे हवा कायम गरम येते, म्हणजे दोन्ही होज गरमच लागणार, आणि उपयोगाची तपासणी इथूनच सुरू होते: होजच्या वाटेत कुठे कॉक आहे का बघा. असेल तर त्याच्या छोट्या दांडीला एक तार जोडलेली दिसेल. मदतनीसाला आत बसवून नॉब फिरवायला सांगा आणि तुम्ही दांडीकडे बघा. तार हलत नसेल तर केबल किंवा पिन गेलीय. मग इंजिन पूर्ण गार झाल्यावर केबल सोडवून दांडी हातानं हलवा. ती दोन बोटांनी फिरली पाहिजे. पक्कड लावावी लागत असेल तर कॉक जाम आहे. नॉब मारणारा खरा आरोपी हाच.

जाम कॉकवर गंज सोडवणारा स्प्रे मारून तो मोकळा झाला म्हणून खूष होणारे बरेच असतात. स्प्रे दांडीच्या बाहेरच्या टोकाला लागतो, क्षार आत बसलेला असतो. महिना-दोन महिन्यांत कॉक पुन्हा जाम होतो किंवा दांडीच्या मुळातून कूलंट पाझरायला लागतं. कॉक सरळ बदला. वस्तू स्वस्त आहे आणि काम बोनेटखालचं आहे. दोन्ही बाजूंचे होज चिमट्यानं दाबले की कूलंटही फारसं सांडत नाही. फक्त पकडीचे दात थेट रबरावर लावू नका, मध्ये जाड कापड घ्या. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं, झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येतं. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं, नर्सरीतली कुत्री ते चाटतील.

बोनेटखाली कॉक सापडलाच नाही, तर तुमची गाडी फ्लॅपवाली आहे. मग दोन्ही होज कायम गरम असणं हे चांगलंच लक्षण. फ्लॅपची दांडी आत हीटरच्या डब्याच्या कुशीला असते. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या डाव्या पायाच्या बाजूनं किंवा मधल्या कन्सोलशेजारून टॉर्च मारून खाली वाकलं की दिसते. तपासणी तीच: केबल सोडवायची आणि दांडी हातानं हलवून बघायची. इथे जाम होण्याचं कारण वेगळं असतं. फ्लॅपच्या कडेला चिकटवलेला फोम वर्षांनी कुजतो, त्याचे तुकडे बिजागरीत अडकतात. डॅशच्या जाळीतून काळा भुगा उडत असेल तर हेच समजा.

पलीकडचं टोक मोकळं आहे किंवा मोकळं केलंय याची खात्री झाली की पॅनलकडे या.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. गाडीला एअरबॅग असेल तर त्यानंतर किमान काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कप्लरना (वायरी जोडणाऱ्या प्लगना) हात लावू नका. नॉब सरळ आपल्याकडे ओढून निघतात. घट्ट असेल तर नॉबच्या मागून जाड दोरा किंवा कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं एकदम ओढा. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, पॅनलवर त्याची खूण जन्मभर राहते. भोवतीची चौकट क्लिपांवर असते आणि कुठेतरी एक-दोन स्क्रू लपलेले असतात: ॲश ट्रेच्या मागे, हॅझर्ड स्विचखाली किंवा म्युझिक सिस्टिमच्या बाजूला. चौकट एका कोपऱ्यात अडून बसली तर समजा की तिथे स्क्रू राहिलाय. जोर लावण्याआधी तो शोधा. उन्हात दहा वर्षं तापलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि थंडीच्या सकाळी तर जास्तच. काम दुपारी करा किंवा केस वाळवायच्या ड्रायरनं कडा जरा गरम करून घ्या. चौकट सुटल्यावर ती झटक्यात पुढे ओढू नका, मागे हॅझर्ड आणि लायटरच्या वायरी असतात.

पॅनल चार स्क्रूंवर बसलेलं असतं. ते सोडवून हातभर पुढे येईल असं समजू नका. केबली जेवढी सूट देतील तेवढंच येतं, सहसा वीतभरही नाही. मोबाइल आत सरकवून फोटो काढा, वरून, डावीकडून, उजवीकडून. मागे साधारण तीन केबली दिसतील: एक थंड-गरमची, एक हवा कुठे सोडायची त्याची, एक बाहेरची हवा की आतली त्याची. प्रत्येक केबलचं बाहेरचं आवरण एका क्लिपमध्ये दाबलेलं असतं आणि आतल्या तारेचा डोळा (टोकाचं गोल कडं) पिनवर अडकवलेला. क्लिप काढण्याआधी आवरण नेमकं कुठे दाबलेलं होतं तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. ही एका मिनिटाची गोष्ट पुढचा अर्धा तास वाचवते.

आता नॉबचा दांडा फिरवा आणि बघा नेमकं काय होतंय.

आवरणच पुढे-मागे सरकतंय आणि आतली तार स्थिर आहे: क्लिप निसटलीय. यात काही तुटलेलं नाही. क्लिप पुन्हा बसवली की झालं. ती सैल पडली असेल तर आवरणाला कापडी टेपचा एक वेढा देऊन दाबा.

दांडा फिरतोय आणि दातेरी चाक फिरत नाही किंवा मध्येच दात सोडतंय: चाकाचे दात झिजलेत. याला इलाज नाही, पॅनलची मागची बॉडी बदलावी लागते.

चाक फिरतंय, तार लोंबकळतेय आणि चाकावर पिनेच्या जागी पांढरट तुटका खुंट दिसतोय: पिन तुटली. तुम्ही ऐकलेला 'कट्' आवाज बहुधा हाच. ही पिन जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची असते. लोक ती इन्स्टंट ग्लूनं चिकटवतात. ग्लू बसतो, पण तो कडक आणि ठिसूळ असतो आणि पिनेवर आडवा जोर येतो, त्यामुळे आठवडाभरात तुटतो. या भागांचं प्लास्टिक सहसा तेलकट पोताचं असतं, त्यावर इपॉक्सीही नीट धरत नाही. टिकाऊ मार्ग असा: उरलेला खुंट ब्लेडनं सपाट करा, मधोमध अडीच मिलिमीटरचं छिद्र हातानं फिरवायच्या ड्रिलनं पाडा, चाकाच्या मागून 3 मिलिमीटरचा स्क्रू घाला, पुढून नायलॉनचा नट आवळा आणि स्क्रूचं जे टोक पुढे आलंय त्यावर तारेचा डोळा चढवून वर दुसरा नट लावा. दुसरा नट पूर्ण आवळायचा नाही, डोळा मोकळा फिरला पाहिजे. आणि स्क्रूचं डोकं मागच्या भिंतीला घासत नाही ना, हे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. घासत असेल तर चपट्या डोक्याचा स्क्रू घ्या. ही दुरुस्ती मूळ पिनेपेक्षा मजबूत होते.

चौथी शक्यता म्हणजे केबलच मोडलेली. हे सगळ्यात जास्त कुठे दिसतं सांगू? बाहेरून मोठ्या स्क्रीनची म्युझिक सिस्टिम बसवलेल्या गाड्यांत. स्क्रीनच्या मागे वायरींचा गुंता कोंबताना केबल दाबली जाते, तिला तीव्र वळण बसतं, आतली तार त्या जागी घासत राहते आणि नॉब जड होत जातो. तुमच्या गाडीत अशी सिस्टिम असेल तर तिच्या मागचा पसारा आधी नीट बांधून घ्या, मगच केबलला दोष द्या.

केबल बदलायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रस्त्याकडेच्या दुकानात मोटरसायकलच्या ब्रेकची किंवा चोकची केबल कापून लावायचा जुगाड सुचवला जातो. ती तार अनेक बारीक तारा पिळून केलेली असते. ती ओढता येते, ढकलता येत नाही. हीटरच्या केबलला दोन्ही करावं लागतं. म्हणून तिच्यात एकच अखंड, कडक स्प्रिंगची तार असते. पिळाची तार लावली तर नॉब गरमकडे जाईल आणि थंडकडे परत येताना तार आतल्या आत वाकेल. दोन दिवसांत तुम्ही पुन्हा याच जागी.

केबल जोडताना क्रम महत्त्वाचा. नॉब पूर्ण थंडवर. खालची दांडी हातानं पूर्ण थंडच्या बाजूला दाबून धरा. तार दोन्हीकडे अडकवा आणि सगळ्यात शेवटी खालच्या टोकाची क्लिप दाबा. मग नॉब गरमकडे नेऊन परत आणा. थंडच्या टोकाला नॉब किंचित, एक-दोन मिलिमीटर, मागे उसळला पाहिजे. तेवढी उसळी म्हणजे फ्लॅप किंवा कॉक त्याच्या टोकाला टेकलाय. उसळी नसेल तर दांडी अर्धवट राहिलीय आणि उन्हाळ्यात थोडं गरम कायम गळत राहणार. नॉब टोकाला पोचायच्या आधीच अडत असेल तर उलट चूक झालीय; ती तशीच सोडली तर नवी पिन पुन्हा तुटेल. केबलमध्ये इंजिन ऑइल ओतू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही चिमूटभर, पुरेसं आहे.

(नव्या गाडीत केबलऐवजी छोटी मोटर असते. तिथे नॉब फिरवल्यावर डॅशमागून टक-टक आवाज येत राहिला तर मोटरचा गिअर तुटलाय. ती मोटर बदलली की प्रणालीला तिची दोन टोकं शिकवावी लागतात. तुमच्या गाडीला हे लागू नाही.)

आता ब्लोअर. मोठ्या स्पीडला करंट थेट मोटरला जातो, लहान स्पीडना रेझिस्टरमधून. म्हणून फक्त चार नंबर चालत असेल तर मोटर ठीक आहे आणि रेझिस्टर गेलाय, हे निदान इतकं पक्कं असतं की मीटर लावायच्या आधीच सांगता येतं. तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, हवेच्या वाटेत, दोन स्क्रूंवर बसलेला असतो. तो मुद्दाम हवेत बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि वारा त्याला गार ठेवतो. वारा कमी पडला की त्याच्यावरचा छोटा थर्मल फ्यूज उडतो. तो फ्यूज वायरनं जोडून 'चालू करून देणारे' वायरमन आहेत. तसं करू देऊ नका, तो प्लास्टिकच्या डब्यात आग लागू नये म्हणूनच दिलेला असतो.

वारा कमी का पडला, ते तुमच्या धंद्यात शोधायला लांब जायला नको. वायपरखालच्या जाळीतून वाळलेली पानं, कोकोपीटचा भुसा आणि माती आत जाते आणि ब्लोअरच्या पिंजऱ्यात बसते. झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर उंदराचं घरटंही निघतं. ब्लोअर सहसा खालून तीन स्क्रू काढले की हातात येतो. पिंजरा ब्रशनं साफ करा आणि हातानं फिरवून बघा. सहज फिरून सावकाश थांबला पाहिजे. खरखरत असेल तर मोटरचे बुश सुकलेत. अशी मोटर जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टर, स्विच, कप्लर सगळं पुन्हा जाळते. क्लॅम्प मीटर (वायर न सोडवता करंट मोजणारा चिमटा) असलेल्या वायरमनकडून चार नंबरवरचा करंट एकदा मोजून घ्या. 12 व्होल्टच्या पिकअपमध्ये तो वीस अँपिअरच्या पुढे जात असेल तर मोटर संशयास्पद समजा. स्विचचं आणि रेझिस्टरचं कप्लर काढून नीट बघा. पांढऱ्या प्लास्टिकला तपकिरी डाग किंवा वितळलेली कड दिसली तर ते कप्लर वायरच्या तुकड्यासकट नवं लावा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची पकड) नीट दाबून. वायरी पिळून टेप गुंडाळलेला जोड या करंटला टिकत नाही.

ताम्हिणीतल्या काचेचं असं आहे. पावसात ओले कपडे, ओली रोपं, चार माणसांचा श्वास, केबिनमध्ये वाफ भरपूर. बाहेरच्या पावसानं काच गार, त्यामुळे वाफ काचेवर धरते. एसी हवेतलं पाणी कॉइलवर काढून घेतो, हीटर त्याच कोरड्या हवेला थोडं गरम करतो आणि ती काचेवर गेली की मिनिटा-दोन मिनिटांत काच साफ होते. म्हणजे पावसाळ्यात एसी आणि हीटर दोन्ही एकाच वेळी लावायचे असतात. आपल्याकडे बहुतेकांना ते विचित्र वाटतं, पण हीटर पुण्यात उपयोगाचा असेल तर तो डिसेंबरपेक्षा जुलैत. बाहेरची की आतली हवा ठरवणारा लिव्हर बाहेरच्या हवेवर ठेवा. आतलीच हवा फिरवत राहिलात तर तीच ओल पुन्हा-पुन्हा काचेवर येते. पॅनल उघडलेलंच असेल, तेव्हा बाकीच्या दोन केबलीही तपासून टाका: मोड काचेवर केल्यावर वारा खरंच काचेखालच्या फटीतून येतोय ना, आणि बाहेरच्या हवेचा फ्लॅप खरंच उघडतोय ना. तुमच्या गाडीत बहुधा मंद स्पीड नसल्यामुळे चार नंबरचा आवाज नको म्हणून घाटात ब्लोअरच बंद ठेवला जात असेल. रेझिस्टर बसला की अर्धं दुखणं तिथेच जाईल.

पण काचेवरची वाफ पुसल्यावर बोटाला चिकट, तेलकट लागत असेल आणि केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, तर ती वाफ नाही, कूलंट आहे. हीटर कोर गळतोय. डाव्या सीटसमोरचं कार्पेट दाबून बघा. तिथलं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर एसीचा ड्रेन पाइप चोंदलाय, बाहेरून वारा मारला की सुटतो. रंगीत आणि चिकट असेल तर कोर, आणि पुष्कळ गाड्यांत त्यासाठी मात्र डॅशबोर्ड खरोखर उतरवावा लागतो. ते दिवसभराचं काम आहे. तेव्हा फ्लॅपचे फोम आणि तिन्ही केबली त्याच वेळी बदलून घ्याव्यात, कारण मजुरीचा मोठा भाग डॅश काढण्या-बसवण्याचाच असतो. हंगामाच्या मध्यात गाडी उभी करणं परवडत नसेल तर हीटरचे दोन्ही होज बोनेटखालीच एकमेकांना जोडून कोर वाटेतून काढून टाकता येतो. इंजिनला त्यानं धोका नाही. मात्र जोडताना होज मोडून दाबला जाऊ नये आणि पावसाळ्याआधी ते काम पूर्ण करायचं, नाहीतर घाटात काचेसाठी गरम हवाच मिळणार नाही.

कूलंटची वाट कुठेही उघडली असेल तर भरताना हवा काढावीच लागते. गाडीचं तोंड चढावर करा, नॉब पूर्ण गरमवर, गार इंजिनवर झाकण उघडं ठेवून कूलंट भरा, इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं. बोअरचं पाणी रोपांना घाला.

सामान पुण्यात नाना पेठेत मिळेल. जुनी केबल आणि जुनं पॅनल सोबत न्या. आतल्या तारेची लांबी, आवरणाची लांबी आणि दोन्ही टोकांचे डोळे जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एकाच मॉडेलमध्ये एसीची आणि बिगर एसीची केबल वेगळी निघते. दातेरी चाकाचेच दात गेले असतील आणि नवं पॅनल महाग वाटलं तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात भंगारातल्या गाडीचं पॅनल शोधता येईल. तिथे उन्हात पडलेलं प्लास्टिक घेऊ नका. मागची पिन अंगठ्यानं हलकेच दाबून बघा, पांढरी पडली तर ठेवून द्या.

आणि गॅस. नॉब आणि रेझिस्टर दुरुस्त झाल्यावर इंजिन चालू ठेवून एसी लावा, ब्लोअर दोनवर. बोनेटखाली एसीचे जे दोन ॲल्युमिनियमचे पाइप केबिनच्या भिंतीत शिरतात, त्यांतल्या जाड पाइपला हात लावा. तो गार लागून बाहेरून पाण्यानं ओला होत असेल तर गॅस आहे, भरायची गरज नाही. पाइप कोरडा आणि कोमट असेल तर गेज (गॅसचा दाब मोजणारं मीटर) लावायला सांगा, आणि गॅस कमी निघाला तर आधी गळती कुठे आहे ते विचारा. एसीचा गॅस बंद पाइपांत फिरतो, वापरून संपत नाही. गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेनं परत जाईल.